आधी हवा, मग सूर

सप्रेम आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. जर्मनीत जाऊन पाइप ऑर्गन बांधायला शिकायचं ठरवलं आहेस, हे वाचून फार बरं वाटलं. आपल्या संगीत नाटकांत साथीला असायचा तो ऑर्गन पितळी पत्त्यांचा (रीडचा). इथे प्रत्येक स्वररंगातल्या (‘स्टॉप’, म्हणजे एका जातीच्या आवाजाच्या नळ्यांचा संच) प्रत्येक सुराला निदान एक स्वतंत्र नळी लागते. गॉटफ्रीड सिल्बरमानने १७१४ साली सॅक्सनीतल्या फ्रायबेर्गच्या कॅथेड्रलमध्ये पूर्ण केलेल्या ऑर्गनात असे ४४ स्वररंग आहेत, आणि तो आजही वाजतो.

शिकाऊपणा साडेतीन वर्षांचा असतो. काम कारखान्यात आणि अधूनमधून काही आठवडे लुडविग्सबुर्गच्या शाळेत. त्यानंतर कारागीर म्हणून अनुभव, मग माइस्टरची, म्हणजे उस्ताद कारागिराची, परीक्षा. २००४ साली या धंद्यातली माइस्टरची सक्ती काढली होती, ती २०२० मध्ये परत आणली. ते योग्यच झालं. दोनशे वर्षांचं वाद्य अर्धवट शिकलेल्या हातात देऊ नये.

नवख्याचं लक्ष नळ्यांवर असतं. तू हवेपासून सुरुवात कर. भात्यातली हवा नळीखालच्या हवापेटीत येते. सुरपट्टी दाबली की पेटीतली झडप उघडते आणि त्या सुराच्या कप्प्यात हवा शिरते. कप्प्यावरची भोकं असलेली सरकपट्टी ओढली की त्या स्वररंगाच्या नळीला वाट मिळते. हवेचा दाब पाण्याच्या उंचीत मोजतात, बहुतेक ठिकाणी ६० ते ९० मिलिमीटर. पाणी भरलेली यू आकाराची काचनळी एका नळीच्या भोकाला लाव आणि सगळे स्वररंग उघडून भरगच्च स्वरमेळ धर. एका सुराला ७५ दिसत होते आणि आता ६२ दिसले, तर सूर लावायच्या नादी लागू नकोस. भात्याच्या घड्या, हवेच्या वाटा, झडपा आधी तपास, कारण उतरलेल्या दाबावर लावलेला सूर दुसऱ्या दिवशी फसतो.

पट्टी सोडल्यावरही सूर वाजतच राहिला, तर घाई न करता फरक ओळख. त्या पट्टीचे सगळे उघडे स्वररंग वाजत असतील तर दोष झडपेचा किंवा तिच्याकडे जाणाऱ्या काड्यांचा. काडीवरचं चामड्याचं नट एक फेरा सैल कर. आवाज थांबला तर काडी ताणलेली होती. नाही थांबला तर झडपेच्या कातड्यावर लाकडाचा कण, मंदावलेली स्प्रिंग किंवा ओलाव्याने फुगलेली झडप. शेजारची पट्टी दाबल्यावर कुजबुज ऐकू आली, तर हवा कप्प्यातून किंवा सरकपट्टीखालून झिरपते आहे. हिवाळ्यात चर्च झपाट्याने तापवलं की लाकूड सुकून आकसतं, आणि हे दुखणं बहुधा तिथूनच सुरू होतं. म्हणून आर्द्रतामापक आधी पाहा, रंधा नंतर उचल.

कातडं चिकटवायला सरस, म्हणजे जनावरांच्या कातडी-हाडांचा गोंदच वापर. थंड पाण्यात भिजव, मग भांडं गरम पाण्यात ठेवून ६० अंशांच्या आसपास गरम कर, उकळू देऊ नको. उकळला की पकड जाते. तो ओल्या उष्णतेने सुटतो, म्हणून शंभर वर्षांनी येणारा कारागीर तुझं काम न फोडता उघडू शकेल. आधुनिक पांढरा गोंद ही सोय देत नाही.

नळीचा पत्रा कथील आणि शिशाच्या मिश्रणातून लांब बाकावर ओततात. दोन्ही साधारण सारखी असली की गोठताना ठिपके उमटतात. शिशाच्या खोलीत खाणं-पिणं अजिबात नाही, बाहेर पडताना हात धुवायचे. शिशाचं वैर ओकच्या लाकडाशीही आहे. ल्यूबेकच्या सेंट याकोबी चर्चमधल्या जुन्या स्टेलवागन ऑर्गनाच्या नळ्या लाकडातून निघणाऱ्या आम्लाच्या वाफेने खाल्ल्या गेल्या. कोणतं लाकूड कुठे वापरायचं, हा प्रश्न म्हणूनच हवापेटीपाशीच सुटायला हवा.

नळ्यांच्या मापासाठी वायमारच्या योहान गॉटलोब ट्योपफरचं गणित शिकशील: मोठ्या आठ फुटी ‘सा’ला सुमारे १५५.५ मिलिमीटर व्यास, आणि सतराव्या नळीला तो निम्मा. ते तुलनेचं माप आहे. त्यालाच सौंदर्य समजू नकोस.

आवाज घडवताना नळीच्या पायाचं भोक, ओठांमधली फट आणि तोंडाची उंची यांत बदल करतात. उंची सुरुवातीला तोंडाच्या रुंदीच्या चौथाईच्या जवळपास असते. वरचा ओठ कापला की आवाज सौम्य होतो. जास्त कापला तर तो बोथट, फुसका आणि उशिरा उठणारा होतो. कापलेला पत्रा परत येत नाही, म्हणून आधी भोक आणि फट हलकेच तपास, मग चाकू.

सूर लावताना नळी हातात धरून बसू नकोस. उबेने तो चढतो, म्हणून हात लावल्यावर थांब, मग ऐक. सामान्य नळ्यांचा सूर दर अंशाला सुमारे ३ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) चढतो, पितळी पत्तीच्या नळ्यांचा त्यामानाने कमी. थंडीत पत्त्या चढलेल्या वाटतात, प्रत्यक्षात बाकीच्या उतरलेल्या असतात. अशा वेळी पत्त्यांच्या तारा सरकवून जुळवून घे, हजारो नळ्यांची टोकं छेडू नकोस.

आता अर्जाचं. जर्मन चांगली बोलता यायला हवी, कारण धंद्याची भाषा कारखान्यात कुणी इंग्रजीत करून देत नाही. थेट शिकाऊपणा मागण्याआधी एक-दोन आठवड्यांचं अनुभवकाम माग. अर्जासोबत तू स्वतः केलेल्या लाकडी सांध्याचे फोटो आणि थोडं सुरांचं ज्ञान दाखव. कुठल्या गावी लिहिणार ते कळव.