एसएमपीएस खरंच ‘गोल्ड’ आहे की नुसतं खोक्यावर लिहिलंय, हे घरी कळतं का?

तुम्ही ७५० वॉटचा, ८० प्लस गोल्डचा (वीज किती कमी वाया जाते याच्या प्रतवारीचा) शिक्का असलेला एसएमपीएस, म्हणजे भिंतीतली वीज कॉम्प्युटरला लागेल तशी बदलून देणारा डबा, घेतलाय. तो खरोखर ९० टक्के कार्यक्षम आहे का, आणि मोबाईलचं ॲप ४२ डेसिबल दाखवतंय म्हणजे आवाज जास्त आहे का, हे घरच्या घरी तपासायचंय. शिवाय लाइट गेल्यावर त्यातून घरघर जास्त येते, असंही तुम्ही लिहिलंय. बरोबर ना?

९० टक्क्यांचा आकडा घरी ताडून बघता येत नाही, हे आधीच सांगून टाकतो. ‘जुन्यापेक्षा बरा आहे का’ हे मात्र बघता येतं, आणि त्याला एक रुपयाही लागत नाही.

अडचण कुठे आहे बघा. भिंतीतून किती वॉट घेतले हे मोजणं सोपं. पण पुढे किती दिले, हे १२, ५ आणि ३.३ व्होल्टच्या डझनभर तारांतून वाटलं जातं. सॉफ्टवेअर प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डाचे वॉट दाखवतं खरं, पण त्यातला बराचसा भाग अंदाज असतो, आणि मदरबोर्ड, पंखे, डिस्क त्यात धरलेलेच नसतात. प्रयोगशाळेत कॉम्प्युटर जोडतच नाहीत. ठरवून दिला तेवढाच करंट ओढणारं यंत्र जोडतात आणि २०, ५०, १०० टक्के लोडवर मोजतात. गोल्डला ११५ व्होल्टवर तिथे ८७, ९०, ८७ टक्के लागतात. आपल्याकडे २३० व्होल्ट, म्हणजे तेवढ्याच वॉटला निम्मा करंट. त्यामुळे तोच एसएमपीएस इथे साधारण टक्काभर बरा निघतो.

तसलं यंत्र नाही म्हणून मी एकदा उद्योग करून बघितला. पुण्यात नाना पेठेतून गाडीच्या हेडलाइटचे ५५ वॉटचे चार हॅलोजन आणले, २४ पिनच्या कनेक्टरमधली हिरवी तार काळीला जोडून एसएमपीएस चालू केला आणि चारही दिवे एकदम लावले. खटकन बंद! वाटलं, गेला कामातून. गेला नव्हता. थंड फिलामेंट पहिल्या क्षणी कितीतरी पट करंट ओढते, म्हणून त्याने स्वतःला वाचवलं होतं. मग एकेक दिवा लावत गेलो. १२.१ व्होल्ट, १८.२ अँपिअर, म्हणजे २२० वॉट, भिंतीकडून २४५. भागाकार ८९.९ टक्के! बायकोला बोलावून दाखवलं.

रात्री शांतपणे हिशेब केला. तारेला चिमट्यासारखा लावून डीसी करंट मोजणाऱ्या क्लॅम्प मीटरची चूक दोन टक्के, प्लगमध्ये लावायच्या वॉटमीटरची एक. म्हणजे खरा आकडा ८७ ते साडेब्याण्णवमध्ये कुठेही असू शकतो. ब्रॉन्झ, म्हणजे गोल्डच्या खालच्या श्रेणीतला, नसावा एवढं कळलं. गोल्ड की त्याच्याही वरचा प्लॅटिनम हे काही कळलं नाही. वर टेबलाचा सनमायका करपला तो वेगळाच. तुम्ही हे करू नका. आणि एसएमपीएस उघडू तर अजिबात नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर साडेतीनशे-चारशे व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही ते काही वेळ टिकतात.

त्यापेक्षा सोपी गोष्ट करा. बाहेर किती वॉट जातात हे माहीत नसू दे, फक्त ते दोन्ही वेळा सारखे ठेवा. तोच कॉम्प्युटर, तेच काम, आधी जुना एसएमपीएस लावून आणि मग नवा. भिंतीकडून घेतलेल्या वॉटमधला फरक हा सगळा एसएमपीएसचा.

आणि वॉट मोजायला घरचा विजेचा मीटरच वापरा. त्यावर एक लाल दिवा लुकलुकत असतो आणि शेजारी ‘३२०० आयएमपी प्रति केडब्ल्यूएच’ असं काहीतरी छापलेलं असतं. म्हणजे ३२०० लुकलुकी झाल्या की एक युनिट. तुमच्या मीटरवर आकडा वेगळा असेल तर तो धरा. ज्यावर बिल येतं ते यंत्र स्वस्तातल्या प्लग-मीटरपेक्षा भरवशाचं असतं. फ्रीज, गीझर, पंखे, वायफाय सगळं बंद करा. इतर एमसीबी पाडलेत तर उत्तमच. यूपीएस मध्ये ठेवू नका, तो स्वतःची बॅटरी चार्ज करत बसतो. कॉम्प्युटरवर एकसारखा लोड देणारी चाचणी लावा, १५ मिनिटं तापू द्या आणि मग १० मिनिटं लुकलुकी मोजा. मोबाईलने व्हिडिओ काढलात तर डोळे दुखणार नाहीत. ३२०० च्या मीटरवर १० मिनिटांतल्या लुकलुकींना १.८७५ ने गुणलं की वॉट.

माझे आकडे: जुना ब्रॉन्झ १८८ लुकलुकी, म्हणजे साडेतीनशेच्या थोडं वर. नवा गोल्ड १७८, म्हणजे ३३४ वॉट. नव्याला ९० टक्के धरलं तर जुना ८५ वर येतो, शिक्क्यांना शोभेल असाच. एखादी लुकलुकी चुकली तरी अर्ध्या टक्क्याचा फरक, त्यामुळे हा निकाल मला पटतो.

इलेक्ट्रिशियन क्लॅम्प मीटरने अँपिअर बघून २३० ने गुणतो, ते मात्र चालत नाही. ते व्होल्ट-अँपिअर झाले, वॉट नव्हेत. पॉवर फॅक्टर (व्होल्ट-अँपिअरपैकी खरे वॉट किती, ते प्रमाण) सुधारण्याची सोय नसलेल्या स्वस्त एसएमपीएसवर तो आकडा दीडपटीच्याही पुढे जातो.

आता पैशाचं. वरचा फरक जवळपास १९ वॉट. रोज सहा तास पूर्ण लोडवर चालवलंत तर वर्षाला चाळीसेक युनिट, युनिटला १० रुपये धरले तर चारशे रुपये. पण ब्राउझिंग करताना कॉम्प्युटर ५०-६० वॉटच घेतो. ७५० वॉटच्या एसएमपीएसला तो दहा टक्क्यांहून कमी लोड, आणि तिथे गोल्डच्या शिक्क्याची काही अटच नाही. तेव्हा नुसता डेस्कटॉप उघडा ठेवूनही एकदा मोजा. तुमच्या बिलाला तोच आकडा जास्त लागू आहे.

आवाजाबद्दल: ते ४२ डेसिबल बहुतेक तुमच्या छताच्या पंख्याचे आहेत. कॉम्प्युटर बंद करून ॲप बघा. तेव्हाही ४०च्या आसपास असेल तर तुम्ही खोली मोजताय, एसएमपीएस नाही. ज्याचा आवाज मोजायचा त्याच्यापेक्षा खोली निदान १० डेसिबल शांत हवी. सायप्रसमधली सायबेनेटिक्स ही संस्था आवाजाची प्रतवारी देते. तिची सर्वात वरची श्रेणी १५ डेसिबलच्या खाली. शहरातल्या घरात रात्री तीन वाजताही एवढी शांतता मिळायची नाही.

म्हणून आकडा सोडा, कान लावा. जाड पुठ्ठ्याची नळी एका कानाला, दुसरं टोक एसएमपीएसच्या जाळीजवळ. लोड द्या आणि पंखा कधी सुरू होतो, कधी वेग घेतो ते लिहून ठेवा. हे मे महिन्यात दुपारी करा. प्रयोगशाळेतल्या थंड हवेत गप्प बसणारा पंखा नागपूरच्या ४४ अंशांत वेगळाच बोलतो. टिकटिक ऐकू आली तर बेअरिंग. बारीक चिर्र असा आवाज, तोही गेमच्या मेनूत सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम (चित्रं) भरमसाट वाढल्यावर, तर तो कॉइलचा, म्हणजे आतल्या तारेच्या वेटोळ्याचा, आणि बऱ्याचदा एसएमपीएसचा नसून ग्राफिक्स कार्डाचा असतो. फ्रेमवर मर्यादा घालून बघा.

राहिली जाडसर घूंऽऽ अशी घरघर. तुम्ही लिहिलंय की लाइट गेल्यावर ती जास्त येते. मग तुमचा इन्व्हर्टर चौकोनी लहरींचा असणार. शेजाऱ्यांकडे शुद्ध साइन वेव्हचा असेल तर एक संध्याकाळ त्यावर लावून बघा, एसएमपीएस परत करायच्या आधी.