आई ओ निगेटिव्ह, बाळाला कावीळ: अंगावर पाजावं का?

हो, पाजत राहा. तुम्ही पेडण्याहून लिहिलंय की तुमचा रक्तगट ओ निगेटिव्ह, बाळाचा ओ पॉझिटिव्ह, कूम्ब्स (बाळाच्या तांबड्या पेशींना आईच्या अँटिबॉडी चिकटल्यात का, ही रक्ततपासणी) पॉझिटिव्ह आली, बाळ निळ्या दिव्याखाली आहे आणि घरचे म्हणताहेत, दुधातून अँटिबॉडी जाऊन बाळाचं रक्त आणखी फुटेल. मी गोव्यातच नवजात बाळांच्या कक्षात नर्स आहे. दाराशी थांबलेल्या आज्या हेच विचारतात. या भीतीपायी दूध आटलेली बाळंतीण बघितली की जीव तुटतो.

बाळाच्या तांबड्या पेशी फोडणाऱ्या अँटिबॉडी आयजीजी जातीच्या. त्या पोटात असतानाच वारेतून बाळाच्या रक्तात गेल्या. नाळ कापली, ती वाट बंद झाली. दुधात असतात त्या मुख्यतः आयजीए. त्या आतड्याच्या अस्तरावर राहून जंतूंना अडवतात. थोडं आयजीजी दुधात उतरतं, अँटी-डीसुद्धा (पॉझिटिव्ह रक्ताविरुद्धची अँटिबॉडी), पण माणसाच्या बाळाच्या पोटात ते बहुतेक पचून जातं. रक्त फुटणं लांबतच गेलं आणि दुधावर संशय आला, अशा नोंदी आहेत, पण अगदी क्वचित. त्यासाठी आधीच दूध तोडायचं कारण नाही.

दुधाने रक्त फुटतं ते घोड्यांत. घोडीची वार अँटिबॉडी पलीकडे जाऊच देत नाही. शिंगराला त्या पहिल्या चिकातून मिळतात आणि पहिला दिवसभर त्याचं आतडं त्या जशाच्या तशा रक्तात घेतं. म्हणून गट न जुळलेलं शिंगरू ठणठणीत जन्मतं आणि चीक प्यायल्यावर आजारी पडतं. पशुवैद्य त्याला मुसकी बांधून एक-दोन दिवस आईला पिऊ देत नाहीत. मांजराच्या पिल्लांतही असं होतं. माणसाचं तसं नाही.

उलट दूध कमी पडलं की कावीळ वाढते. फुटलेल्या पेशींतलं बिलिरुबिन, म्हणजे कावीळीचं पिवळं द्रव्य, शीवाटे बाहेर पडतं. शी झाली नाही तर ते आतड्यातून परत रक्तात शोषलं जातं. म्हणून दिवसरात्र मिळून 8 ते 12 वेळा पाजा. दिव्याखाली डोळ्यांवर पट्टी आणि नुसता लंगोट घातलेलं बाळ पातळ, हिरवट शी करतं, आई घाबरते. ती कावीळच बाहेर पडत असते. बाळ सुस्त असेल, ओढत नसेल, तर दूध काढून वाटी-चमच्याने द्या. साखरपाणी, मध काही नको. कोवळं ऊन हा यावरचा उपाय नव्हे, आणि आपल्याकडे पावसाळ्यात ते मिळणार तरी कुठून? रक्त बदलायची वेळ आलीच तर डॉक्टर थोडा वेळ दूध थांबवायला सांगतील. तेव्हाही काढत राहा, म्हणजे आटणार नाही.

माझी खरी काळजी घरी गेल्यानंतरची आहे. वारेतून आलेल्या अँटिबॉडी दर तीन आठवड्यांनी साधारण निम्म्या होतात, म्हणजे दोन-तीन महिने त्या रक्तात राहतात. पिवळेपणा जातो, घरचे निर्धास्त होतात आणि हिमोग्लोबिन हळूहळू उतरत असतं. डॉक्टरांनी दिलेल्या तारखांना तपासणी चुकवू नका. बाळ पांढरंफटक दिसलं, पिता पिता दमलं, तर तारखेची वाट पाहू नका. अंग धनुष्यासारखं ताणलं, रडणं कर्कश झालं किंवा उठवून उठत नसेल, तर रात्र असली तरी 108 ला फोन करा.

स्वतःचंही विचारून घ्या: तुमची इनडायरेक्ट कूम्ब्स (आईच्या रक्तात अशा अँटिबॉडी आहेत का, ही तपासणी) काय आली? सातव्या महिन्यात अँटी-डीचं इंजेक्शन (शरीराला अशा अँटिबॉडी बनवू न देणारं) घेतलं असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा, कारण त्या इंजेक्शनमुळेही कूम्ब्स पॉझिटिव्ह येऊ शकते. तुमच्या शरीराने स्वतः अँटिबॉडी बनवल्या नसतील तर बाळंतपणानंतर 72 तासांच्या आत अँटी-डी मिळायलाच हवं. बनल्या असतील तर त्याचा उपयोग नाही. मग पुढच्या खेपेला दिवस राहिल्याबरोबर डॉक्टरांना हे सांगा, म्हणजे अँटिबॉडीची पातळी आणि डॉपलर (पोटातल्या बाळाचा रक्तप्रवाह बघणारी) सोनोग्राफी यांवर सुरुवातीपासून लक्ष ठेवता येईल.