तेवीस प्रश्न कोरे का राहिले?

"मॅडम, मैदानावर ह्याला कुणी गाठू शकत नाही. पण पेपर समोर आला की पोरगं थिजतं. ॲप्टिट्यूड का काय म्हणतात, ते ह्याच्या डोक्यातच नसेल का हो?"

आई बोलत होती आणि तिचा एकोणीस वर्षांचा मुलगा माझ्या टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवत बसला होता. राहायला भांडुपच्या डोंगरावरच्या चाळीत, वडील रिक्षा चालवतात, गाव साताऱ्याकडचं. मामा मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेला. पहाटे साडेचारला उठून हा पंपिंग स्टेशनच्या रस्त्यावर पळायचा आणि १.६ किलोमीटर साडेपाच मिनिटांच्या आत संपवायचा. पण अग्निवीर जनरल ड्युटीच्या लेखी परीक्षेनंतर लागलेल्या यादीत आदल्या वर्षी त्याचं नाव नव्हतं. त्यामुळे भरतीच्या मैदानावर त्याला पाऊलही टाकता आलं नाही.

हे दुखणं आज बऱ्याच घरांत आहे. मामाच्या वेळी आधी मैदान असायचं, मग मेडिकल, लेखी शेवटी. पळण्यात टिकलेला पोरगा निदान लेखीपर्यंत पोचायचा. जून २०२२ मध्ये सैनिकांना चार वर्षांसाठी घेणारी अग्निपथ योजना जाहीर झाली आणि २०२३ पासून सैन्याने हा क्रम फिरवला. आता आधी संगणकावर सामाईक प्रवेश परीक्षा, आणि त्यातून निवडलेल्यांनाच मैदान. घरातल्या मोठ्यांचे सल्ले मात्र जुन्याच क्रमाचे राहिले. "आधी पाय कमव, लेखीचं नंतर बघू," असं मामा अजूनही फोनवर सांगत होता, आणि अगदी मनापासून सांगत होता.

मी आईला बाहेर चहा घ्यायला बसवलं आणि मुलापुढे सरावाचा एक पेपर ठेवला. खऱ्या परीक्षेसारखाच: पन्नास प्रश्न, शंभर गुण, एक तास. सामान्य ज्ञान, विज्ञान, गणित आणि थोडी बुद्धिमत्ता. मी समोर बसून फक्त त्याच्याकडे पाहत राहिले. तासाभरात त्याने सत्तावीस प्रश्न सोडवले. त्यातले बावीस बरोबर, पाच चूक. तेवीस कोरे.

मग तोच पेपर घरी नेऊन, घड्याळ न लावता सोडवायला सांगितला. दोन दिवसांनी आला तेव्हा चाळीस बरोबर होते. म्हणजे येत होतं. आईच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथेच मिळालं होतं.

उरलेलं अर्धं उत्तर मला त्याच्या रफ कागदावर दिसलं. दोन रेल्वेगाड्या एकमेकींना ओलांडून जातात, हे नेहमीचं गणित त्याने तीन वेळा केलं होतं. तिन्ही वेळा उत्तर एकच, तिन्ही वेळा बरोबर. एका प्रश्नाला सरासरी बहात्तर सेकंद मिळतात. त्याने ह्या एकावर चार मिनिटं घालवली. मी विचारलं, "पहिल्यांदाच बरोबर आलं होतं ना रे? मग परत का केलंस?"

"चुकलं असतं तर, मॅडम?"

"चुकलं असतं तर काय झालं असतं?"

तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "दहा डिप्स."

तो ज्या ॲकॅडमीत जायचा तिथे लेखीचा तासही मैदानाच्याच शिस्तीत चालत होता. प्रत्येक चुकीच्या उत्तराला दहा डिप्स, सगळ्यांसमोर. मुलं त्याला रगडा म्हणायची. कोऱ्या सोडलेल्या प्रश्नाला मात्र शिक्षा नव्हती. दीड वर्षात ह्या पोराने काय शिकावं? न लिहिणं सुरक्षित असतं, हे तो शिकला. त्याचं शरीर तर ते पक्कं शिकलं होतं, कारण पर्यायावर खूण करायची वेळ आली की त्याचे खांदे आक्रसायचे. मला मनापासून वाईट वाटलं. शिकवणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता, पोरं कणखर व्हावीत एवढीच इच्छा होती. पण कणखरपणा आणायची ही जागा नव्हे.

हे मी निव्वळ मायेपोटी म्हणत नाही. १९०८ साली रॉबर्ट यर्क्स आणि जॉन डॉडसन ह्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी उंदरांवर एक प्रयोग केला. दोन खोक्यांपैकी उजळ कुठलं आणि काळसर कुठलं ते उंदराने ओळखायचं, चुकलं तर विजेचा झटका. दोन्हींतला फरक ठळक असला तर झटका जितका जोरदार तितका उंदीर लवकर शिकायचा. फरक बारीक झाला की चित्र बदलायचं: झटका एका मर्यादेपलीकडे गेला की शिकणंच मंदावायचं. सोप्या कामाला धाक चालतो, बारकाईच्या कामाला तोच धाक नडतो. डिप्सच्या भीतीने पोरगा राजधान्या पाठ करेल, पण रेल्वेगाड्यांच्या गणितात अडकून पडेल.

मी वही पुढे ओढली आणि त्याला म्हटलं, "चूक किती महाग पडते, ते आपण मोजू." बरोबर उत्तराला दोन गुण, चुकीच्या उत्तराला अर्धा गुण वजा. चार पर्याय आहेत आणि काहीच येत नाही, तरी चार प्रश्नांना डोळे मिटून खुणा केल्या असं धर. सरासरीने एक बरोबर येईल, तीन चुकतील. दोन मिळाले, दीड गेला. तरीही अर्धा गुण हातात राहतो. दोन पर्याय नक्की चुकीचे आहेत हे कळलं असेल तर नफा आणखी मोठा. त्याने ते गणित स्वतः परत करून पाहिलं. नंतर त्या तेवीस कोऱ्या प्रश्नांवर बोट ठेवून म्हणाला, "म्हणजे हे मी फुकट घालवले?"

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. हा हिशेब ह्या परीक्षेच्या नियमांपुरता आहे. हवाई दलाच्या अधिकारी भरतीच्या ॲफकॅट परीक्षेत बरोबर उत्तराला तीन गुण मिळतात आणि चुकीला एक जातो. तिथे आंधळ्या अंदाजाचा फायदा शून्य होतो. एनडीएच्या लेखीत प्रश्नाच्या गुणांचा एक तृतीयांश वजा होतो, तिथेही तेच. जाहिरातीतलं गुणांचं पान आधी वाचावं आणि हा हिशेब तिथल्या आकड्यांनी करावा.

पुढचा दीड महिना आम्ही जाणूनबुजून चुकण्याचा सराव केला. रोज दहा प्रश्न, प्रत्येकाला एक मिनिट, मिनिट संपलं की जे वाटेल त्यावर खूण करून पुढे. चुकांसाठी वेगळी वही केली. तिच्यात तीन रकाने: माहीतच नव्हतं, वाचताना घसरलो, वेळ गेला. पहिल्या आठवड्यात त्याला तिसरा रकाना भरायचीही लाज वाटायची. तिसऱ्या आठवड्यात तो स्वतःहून सांगू लागला, "मॅडम, दुसऱ्या रकान्यात आज चार. 'नाही' हा शब्दच वाचला नाही." पहिला रकाना फारसा भरला नाही, आणि हे त्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसणं फार गरजेचं होतं.

वेळ वाटण्याची युक्ती माझी नाही, त्याची. तो म्हणाला, "चारशे मीटरच्या ट्रॅकवर सोळाशेचे चार राउंड होतात. पहिल्या राउंडला जीव तोडून पळणारी पोरं तिसऱ्यात बसतात." मग तासाचेही चार राउंड पाडले, पंधरा-पंधरा मिनिटांचे. पहिल्या दोनांत बघताक्षणी येणारे प्रश्न, तिसऱ्यात थोडी आकडेमोड लागणारे, चौथ्यात उरलेले आणि अंदाजाचे. ह्याहून चांगलं मला सुचलं नसतं.

आणखी एक साधी गोष्ट राहून गेली होती. त्याचा सगळा सराव कागदावर आणि मोबाईलवर झाला होता, परीक्षा मात्र संगणकावर. माऊस हातात धरल्याला त्याला वर्षं झाली होती. चाळीजवळच्या एका सायबर कॅफेत आठवड्यातून दोनदा तासभर बसायला सांगितलं. सैन्यभरतीच्या संकेतस्थळावरची सरावचाचणीही त्याने तिथेच दिली. परीक्षा मराठीतून देता येते हे त्याला ठाऊक होतं, तरी "हिंदीत दिली तर बरं दिसतं" असं कुणीतरी डोक्यात भरवलं होतं. ते मी काढून टाकलं.

आईशी वेगळं बोलले. ॲप्टिट्यूड म्हणजे कपाळावर लिहून आलेलं काही, असं त्यांच्या मनात बसलं होतं. मी त्यांना सैन्यातल्या ह्या चाचण्यांची जुनी गोष्ट सांगितली. पहिल्या महायुद्धात, १९१७ मध्ये, अमेरिकेच्या सैन्यासाठी ह्याच यर्क्स यांच्या पुढाकाराने चाचण्या तयार झाल्या. वाचता येणाऱ्यांना आल्फा, इंग्रजी न वाचणाऱ्यांना चित्रांची बीटा. सतरा लाखांच्या आसपास लोकांनी त्या दिल्या. आकडे तपासले तेव्हा दिसलं की बाहेरून आलेला माणूस अमेरिकेत जितकी जास्त वर्षं राहिला, तितके त्याचे गुण जास्त. मोजायला निघाले जन्मजात बुद्धी आणि मोजली गेली ओळख, सवय. "ताई, सवय लावता येते," मी म्हटलं. त्या म्हणाल्या, "मग मी घरात 'एक चूक झाली की गेलं सगळं' म्हणते, ते बंद करू?" मी हो म्हटलं. ॲकॅडमीतल्या सरांशीही त्या स्वतः जाऊन बोलल्या. लेखीच्या तासाला डिप्स बंद झाले, निदान ह्या मुलासाठी.

प्रत्येक मुलाची गोष्ट अशीच असेल असं नाही. त्याच्याच बॅचमधला एक मित्र नंतर माझ्याकडे आला. त्याला वेळ न लावताही अपूर्णांक येत नव्हते. त्याला धीर देऊन काही उपयोग नव्हता, सातवीचं गणिताचं पुस्तक लागत होतं. म्हणून आधी बिनवेळेचा पेपर घ्यावा. घड्याळ काढल्यावर गुण वाढले तर अडचण भीतीची किंवा वेळेची, नाही वाढले तर अभ्यासाची.

दुसऱ्या भेटीत तो बोलता बोलता म्हणाला होता, "ह्या वेळी पण नाही झालं तर गावाला तोंड नाही दाखवणार." असं वाक्य मी कधीच वाऱ्यावर सोडत नाही. "जीव द्यायचा विचार येतो का?" असं सरळ विचारलं. नाही म्हणाला, आणि विचारल्यावर हलका झाल्यासारखा रडला. ज्यांच्या घरी असं वाक्य कानावर येतं त्यांनी असंच स्पष्ट विचारावं. उत्तर 'हो' असेल तर मुलाला एकटं सोडू नये आणि टेलि-मानसच्या १४४१६ ह्या सरकारी क्रमांकावर फोन करावा. तिथे मराठीत बोलता येतं.

परीक्षेच्या दिवशी केंद्रातून बाहेर पडल्या पडल्या त्याचा फोन आला. मागे रस्त्याचा गोंगाट होता. "मॅडम, अठ्ठेचाळीस केले. दोन राहिले, पण त्यांच्यावर अडून नाही बसलो." यादी लागली तेव्हा नाव होतं. मैदानाची तारीख मिळाल्यावर मामाने फोन करून पुन्हा पायांवर लक्ष दे म्हणून सांगितलं, आणि ह्या वेळी सल्ला वेळेवर होता.

आई पेढे घेऊन आल्या, बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "चार वर्षांनी शंभरातल्या पंचवीसांनाच पुढे ठेवतात म्हणे. बाकीच्यांनी काय करायचं?" मी म्हटलं, "त्यासाठी ह्याच्या वडिलांनाही घेऊन या." रविवारी सकाळी, रिक्षा खाली लावून, तिघंही आले.