उत्तर: एक्स्क्लुझिव्ह की नॉन-एक्स्क्लुझिव्ह हे नंतर ठरवा, ट्रॅक परत कसा येतो ते आधी पाहा

नमस्कार. नाशिकरोडहून आपण लिहिले आहे की आपल्याकडे वाद्यसंगीताचे चाळीसेक ट्रॅक तयार आहेत, त्यांतले काही ढोल-ताशा आणि संबळ यांवर, तर काही रामकुंडावर टिपलेल्या आवाजांवर बांधलेले आहेत. परदेशी वाहिन्यांना संगीत पुरवणाऱ्या दोन लायब्रऱ्यांनी होकार कळवला आहे. एक कायमस्वरूपी एक्स्क्लुझिव्ह हक्क मागते, म्हणजे तो ट्रॅक इतर कोणालाही द्यायचा नाही, आणि आगाऊ काहीच देत नाही. दुसरी नॉन-एक्स्क्लुझिव्ह आहे, म्हणजे ट्रॅक इतरांनाही देता येतो, सिंक फी (चित्रासोबत संगीत वापरण्याचे शुल्क) निम्मी-निम्मी वाटून घेते, आणि तिच्या प्रतिनिधीने ‘नको वाटले तर ट्रॅक कधीही काढून घ्या’ असे व्हॉट्सॲपवर सांगितले आहे. हे शेवटचे वाक्य वाचले आणि उत्तर लिहायला बसलो, कारण माझे सर्वांत मोठे नुकसान अशाच एका आश्वासनापायी झाले.

मी वकील नाही. माझा अनुभव अमेरिकी आणि ब्रिटिश दूरचित्रवाणीसाठी काम करणाऱ्या लायब्रऱ्यांपुरता आहे. मराठी मालिकांच्या पार्श्वसंगीताचा व्यवहार अगदी निराळा असतो आणि त्याविषयीची माझी मते इथे लिहिण्याजोगी नाहीत. आयपीआरएसचे (संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या भारतीय संस्थेचे) सदस्यत्व, आयपीआय क्रमांक (संगीतकाराचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक), ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिटच्या फायली, स्टेम्स (वाद्यगटांचे वेगवेगळे ध्वनी), ३० आणि ६० सेकंदांच्या आवृत्त्या, हे सगळे आपण केलेले असणार असे धरून पुढे लिहितो.

एक्स्क्लुझिव्ह म्हणजे बंधन आणि नॉन-एक्स्क्लुझिव्ह म्हणजे मोकळीक, अशी एक समजूत आपल्याकडे रूढ आहे. ती अर्धीच खरी आहे. नॉन-एक्स्क्लुझिव्ह लायब्रऱ्यांपैकी अनेक जणी तोच ट्रॅक नवे नाव देऊन रॉयल्टी संस्थेकडे नोंदवतात, म्हणजे त्या नावाने झालेल्या प्रसारणाचा पब्लिशर्स शेअर (रॉयल्टीतला प्रकाशकाचा हिस्सा) त्यांना मिळतो आणि रायटर्स शेअर (संगीतकाराचा हिस्सा) आपल्याकडे राहतो. क्यू शीटवर, म्हणजे कार्यक्रमात वाजलेल्या संगीताच्या यादीत, प्रत्येक ट्रॅकची शीर्षक, संगीतकार आणि त्याचा हिस्सा, प्रकाशक आणि त्याचा हिस्सा, वापराचा प्रकार आणि ०:१७ असा कालावधी एवढीच एक ओळ असते. त्या ओळीत नवे नाव असले की पैसे नव्या नावाच्या वाटेने जातात. क्यू शीट माणूस भरत असेल तोवर हे चालून जाते. परंतु ध्वनी ओळखणाऱ्या यंत्रणेला नाव दिसत नाही, फक्त आवाज कळतो, आणि एकच ध्वनिमुद्रण दोन-तीन नावांनी नोंदलेले असेल तर कोणता प्रकाशक खरा हे तिला ठरवता येत नाही. शिवाय एकच तुकडा दोन लायब्रऱ्यांकडून दोन भावांनी समोर आला तर निर्मात्याला नसती डोकेदुखी होते. काही निर्मिती संस्था अशा संग्रहांपासून लांब राहतात, त्यामागे संगीताच्या दर्जापेक्षा हीच कारणे अधिक असतात.

आता माझे प्रकरण. काही वर्षांपूर्वी गंगापूर रोडवरच्या एका हॉलमध्ये ओळखीच्या पथकाचे वादन ध्वनिमुद्रित करून त्यावर मी काही ट्रॅक बांधले आणि परदेशातील एका नॉन-एक्स्क्लुझिव्ह लायब्ररीला दिले. लेखी सूचनेनंतर ९० दिवसांत ट्रॅक मागे घेता येईल, असे कलम करारात होते. त्याखालीच लायब्ररीला उपवितरक नेमण्याची मुभा होती, म्हणून ट्रॅक मागे घेतल्यावर उपवितरकांकडच्या प्रतींचे काय होईल, असे मी सही करण्यापूर्वी ईमेलने विचारले होते आणि ‘त्यांनाही हीच अट लागू आहे’ असे स्वच्छ उत्तर आले होते. ते उत्तर आजही माझ्याकडे आहे. त्याची किंमत शून्य आहे.

पुढे एका ब्रिटिश एक्स्क्लुझिव्ह लायब्ररीने प्रवासविषयक माहितीपटांच्या संग्रहासाठी त्यांतलेच चार ट्रॅक निवडले. मी पहिल्या लायब्ररीला रीतसर सूचना दिली, मुदत संपली आणि तिच्या संकेतस्थळावरून ट्रॅक दिसेनासे झाले. त्यानंतर थोड्याच दिवसांत दिंडोरीकडच्या एका द्राक्ष निर्यातदाराच्या माहितीपटावर, ज्यासाठी मी यांतलाच एक ट्रॅक स्वतः परवाना देऊन पुरवला होता, यूट्यूबच्या कॉन्टेंट आयडीचा (आवाज ओळखून हक्कदाराच्या वतीने दावा लावणाऱ्या यंत्रणेचा) दावा आला. दाव्यात ट्रॅकचे नाव भलतेच होते आणि दावेदाराचे नाव मी कधी ऐकलेले नव्हते. तो त्या लायब्ररीचा उपवितरक निघाला. ज्या संगीताचे एकमेव हक्क आपल्याकडे नाहीत ते कॉन्टेंट आयडीत घालता येत नाही, हा यूट्यूबचाच नियम आहे. तो मोडला गेला आहे, हे त्या लायब्ररीच्या कार्यालयाला पटवून देण्यात माझा हंगाम गेला.

त्या कार्यालयाची पद्धत अशी होती की प्रत्येक पत्राला नवा माणूस नव्या तक्रार क्रमांकाने उत्तर देई आणि ट्रॅकचे नाव विचारी. मी माझे मूळ नाव कळवले की ‘या नावाचा ट्रॅक आमच्या प्रणालीत नाही’ असे उत्तर येई, कारण नाव त्यांनीच बदललेले होते. दाव्यात दिसलेले बदललेले नाव कळवले की ‘हा ट्रॅक आपल्या खात्याशी जोडलेला नाही’ असे उत्तर येई, कारण माघारीनंतर तो त्यांनीच माझ्या खात्यातून काढलेला होता. उपवितरकाकडे गेलो तर त्याचे म्हणणे असे की त्याचा करार लायब्ररीशी आहे, माझ्याशी नाही. सरतेशेवटी मी ते जुने ईमेल समोर ठेवले, तेव्हा दोन ओळींत निकाल लागला: करारातील शेवटच्या कलमानुसार लिखित करार हाच संपूर्ण करार आहे, त्याबाहेरचा पत्रव्यवहार बंधनकारक नाही. ज्या कार्यालयाने आश्वासन दिले त्याच कार्यालयाने ते आश्वासन कुचकामी ठरवणारे कलम दाखवावे, याला काय म्हणायचे ते आपणच ठरवा.

निर्यातदाराच्या चॅनेलवरून आम्ही दाव्याला हरकत घेतली. अशा हरकतीला उत्तर देण्यासाठी दावेदाराला ३० दिवस मिळतात, आणि त्या मुदतीत दावा सुटला खरा, पण ज्या प्रदर्शनासाठी तो माहितीपट केला होता ते तोवर उरकले होते. ब्रिटिश लायब्ररीने मात्र चारही ट्रॅक नम्रपणे परत केले, कारण ‘या संगीतावर इतर कोणाचाही हक्क अथवा दावा नाही’ अशी हमी मी लिहून देऊ शकत नव्हतो. नॉन-एक्स्क्लुझिव्ह परवान्यांचा बोजा ट्रॅकच्या सातबाऱ्यावर चढतो आणि मालकी आपलीच असली तरी पुढचा घेणारा तो उतारा पाहूनच मागे फिरतो.

म्हणून त्या प्रतिनिधीला एवढेच लिहा की व्हॉट्सॲपवरचे आपले वाक्य करारात घाला, आणि त्यात तीन गोष्टी स्पष्ट करा: माघारीनंतर नवे परवाने कोणीही द्यायचे नाहीत, उपवितरकांनीसुद्धा; बदललेल्या नावाची नोंद रॉयल्टी संस्थेकडून काढायची; आणि कॉन्टेंट आयडीत ट्रॅक कधीच घालायचा नाही. कार्यक्रमांच्या ज्या भागांत तो आधीच वाजला आहे त्यांचे पुनःप्रसारण चालू राहील, एवढी अट मान्य करा, कारण ती रास्त आहे आणि त्यातून आपल्यालाही रॉयल्टी मिळते. एवढे कलम घालायला नकार आला तर माझ्या मते तिथेच थांबावे.

कायमस्वरूपी एक्स्क्लुझिव्ह हक्क मागणाऱ्या प्रस्तावाबद्दल माझे मत कठोर आहे. आगाऊ रक्कम नाही, मुदत नाही, ट्रॅक कुठे लावण्याची हमी नाही, आणि हक्क मात्र कायमचे. असा करार त्या लायब्ररीच्या संग्रहाची यादी लांब दिसावी म्हणून असतो. चांगल्या एक्स्क्लुझिव्ह लायब्रऱ्या असतात, त्यांचे संपादक वाहिन्यांच्या माणसांशी रोज बोलतात, आणि दूरचित्रवाणीवरची माझी बहुतेक कमाई त्यांच्याकडूनच झाली आहे. पण त्यांच्याशीसुद्धा मी तीन वर्षांची मुदत आणि त्यानंतर हक्क आपोआप परत, यावर अडून बसतो. कायमचे हक्क हवे असतील तर प्रत्येक ट्रॅकमागे आगाऊ रक्कम हवी. रायटर्स शेअरमध्ये वाटा मागणाऱ्या लायब्ररीला उत्तरही देऊ नये. मुदत आपोआप वाढत असेल तर नोटीस देण्याची तारीख सही केली त्याच दिवशी दिनदर्शिकेवर मांडून ठेवावी.

आपला कायदा या बाबतीत बराच संगीतकाराच्या बाजूचा आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हस्तांतरणाच्या करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत धरला जातो, आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर रॉयल्टीतील आपला समान हिस्सा संगीतकाराला करारानेही सोडून देता येत नाही. पण याच्या भरवशावर राहू नका. परदेशी करारात ‘कायमस्वरूपी’ आणि ‘संपूर्ण विश्वात’ असे स्पष्ट लिहिलेले असते, म्हणजे पाच वर्षांचा आणि भारतापुरता हे दोन्ही नियम लागूच होत नाहीत, आणि न्यायक्षेत्र बहुधा कॅलिफोर्नियाचे किंवा इंग्लंडचे असते. तिथे जाऊन भांडण्याचा खर्च चाळीस ट्रॅक मिळून तरी निघेल का, याचा विचार करा.

सगळे चाळीस ट्रॅक एकाच दावणीला बांधण्याची गरजही नाही. पियानोचे हलके तुकडे, तणावाचे पार्श्वसंगीत, जे महिन्याभरात पुन्हा तसेच रचता येईल, ते नॉन-एक्स्क्लुझिव्हला द्यायला हरकत नाही, मात्र लायब्ररी नाव बदलणारी असेल तर अशा एकीलाच. नाशिक ढोल आणि रामकुंडाचे ट्रॅक हे आपले खरे भांडवल आहे. ते माणूस आणि ठिकाण यांच्यामुळे घडलेले आहेत आणि २०२७ चा सिंहस्थ समोर असताना त्यांना मागणी येण्याची शक्यता दिसते. ते आज कायमचे देऊन टाकू नयेत, आणि नॉन-एक्स्क्लुझिव्हमध्ये टाकून त्यांची वाटही अडवू नये.

विषय निघालाच आहे म्हणून दोन गोष्टी. ढोल-ताशा वाजवणाऱ्या प्रत्येक वादकाची, केवळ पथकप्रमुखाची नव्हे, मानधन नमूद केलेली लेखी संमती घेऊन ठेवा, कारण वादकांनाही कायद्याने हक्क आहेत आणि एक्स्क्लुझिव्ह लायब्ररी ती कागदपत्रे मागते. पथकातली मुले शिक्षणासाठी पुण्या-मुंबईला पांगली की सह्या गोळा होत नाहीत. दुसरे म्हणजे अमेरिकी लायब्ररी असेल तर डब्ल्यू-८बेन हा परदेशी व्यक्तींसाठीचा अमेरिकी कर-अर्ज पॅन क्रमांकासह भरून द्या. तो नसेल तर तिथे रॉयल्टीवर ३० टक्के कर कापला जातो, आणि दोन देशांतील कर-कराराचा आधार घेतला तर १५ टक्के. तिथे कापलेल्या कराची सूट इथे कशी मागायची हे आपल्या सीएला विचारा. माझ्या माहितीवर विसंबू नका.

दोन्ही करारांतील मुदत, उपवितरण आणि माघार यांची कलमे, लायब्ररीची नावे काढून, इथे चिकटवलीत तर शब्दशः वाचून मत देईन. सही या आठवड्यातच हवी असा तगादा त्यांनी लावला असेल तर तेही लिहा.