परदेशी नर्सिंग होममध्ये येतेस? आधी शौचाचा तक्ता वाचायला शिक

तू विचारलंस, आयसीयूत सहा वर्षं काढलेल्या नर्सने परदेशी नर्सिंग होममध्ये येताना काय शिकून यावं. व्हेंटिलेटर विसर. शौचाचा तक्ता वाचायला शिक. हसू नकोस, मीही हसले होते.

तक्त्यात ब्रिस्टल स्केलचे, म्हणजे शौच किती घट्ट की पातळ ते 1 ते 7 मध्ये सांगणाऱ्या मोजपट्टीचे, आकडे असतात. 1 आणि 2 म्हणजे कडक खडे, 3-4 ठीक, 7 म्हणजे निव्वळ पाणी. माझ्या पहिल्याच महिन्यात एका आजींच्या रकान्यात पाच दिवस काहीच नव्हतं आणि सहाव्या दिवशी 7, 7, 7. जुलाब समजून मी लोपेरामाइड, म्हणजे जुलाब थांबवणारी गोळी, मागायला निघाले. सीनियरने आधीची पानं उलटायला लावली. आत खडा अडकला होता आणि त्याच्या कडेने पातळ मळ झिरपत होता. ती गोळी दिली असती तर पोट आणखी गच्च झालं असतं.

रिकाम्या रकान्याचेही दोन अर्थ. संडास झालीच नसेल, किंवा झाली पण कोणी लिहिलं नसेल. स्वतः चालत जाणाऱ्यांना रोज विचारावंच लागतं. डिमेन्शियावाले (स्मृतिभ्रंश झालेले) सांगू शकत नाहीत. ते कपडे ओढतात, जेवण ढकलतात, अचानक चिडतात. शांत करायचं औषध मागण्याआधी पोटावर हात ठेवून बघ.

बद्धकोष्ठता करणाऱ्या औषधांसाठी यादीही तपास: कोडीन आणि मॉर्फिन ही वेदनाशामकं, लोह, कॅल्शियम, सारखी लघवी होऊ नये म्हणून दिलेलं ऑक्सिब्युटिनिन. मॉर्फिनची मळमळ बहुधा सरते, बद्धकोष्ठता सरत नाही. म्हणून रेचक पहिल्या दिवसापासूनच मागून घ्यायचं. सेना (सोनामुखीचं रेचक) रात्री दिली की सकाळी काम करते. लॅक्टुलोज या दुसऱ्या रेचकाला दोन दिवस लागतात, तेव्हा दुसऱ्याच सकाळी डोस वाढवायला धावू नकोस. पाणी न पिणाऱ्याला इसबगोल तर नकोच, आतच घट्ट बसतं.

औषधाशिवाय सगळ्यात जास्त उपयोग सकाळच्या कमोडचा. नाश्त्यानंतर अर्ध्या तासात आतडं जागं होतं, तेव्हा बसव, पायाखाली स्टूल दे आणि दार लावून घे. दार उघडं असलं तर कुणाला होणार?

पोट फुगलंय, उलटी होतेय, गॅसही सरत नाही किंवा रक्त दिसलं, तर एनिमाचं नाव काढू नकोस, डॉक्टरांना फोन कर.

मुलाखतीत 'तीन दिवस झाली नाही, काय कराल?' असं विचारलं तर थेट रेचकाचं नाव सांगू नकोस. आधी जुनी पानं, मग गोळ्यांची यादी, मग पोट, असं सांग.