दिवेलागणीला उठणारे पुरळ

प्रश्न : माझ्या सात वर्षांच्या मुलाला तीन आठवडे रोज संध्याकाळी १०३ अंशांपर्यंत ताप येत होता. ताप चढला की छातीवर, काखेत आणि मांड्यांवर गुलाबी पुरळ उठायचे आणि सकाळी अंग अगदी स्वच्छ असायचे. मनगटे आणि एक गुडघा सुजल्यावर, बऱ्याच तपासण्यांनंतर, संधिवाततज्ज्ञांनी ‘सिस्टेमिक’ (सांध्यांसोबत सर्व शरीरावर परिणाम करणाऱ्या) प्रकारचा बालसंधिवात असल्याचे सांगून स्टेरॉइड सुरू केले. सासूबाईंच्या मते हे अंगावर उठलेले पित्त आहे, तर वर्गशिक्षिका गोवर समजून त्याला शाळेत पाठवू नका म्हणतात. पुरळासाठी वेगळे मलम लावावे का? आंबट बंद करावे का?
— एक आई, जि. सांगली

उत्तर : पुरळ केव्हा उठते आणि केव्हा मावळते, हे आपण नेमके टिपले आहे, आणि या आजारात तीच सर्वांत बोलकी खूण असते. १८९७ मध्ये लंडनच्या डॉ. जॉर्ज फ्रेडरिक स्टिल यांनी मुलांच्या ज्या सांधेविकाराचे सविस्तर वर्णन केले, त्याच्याशी त्यांचे नाव कायमचे जोडले गेले असून आपल्या मुलाचा आजार त्याच कुळातला आहे. यात शरीराची उपजत संरक्षणव्यवस्था संसर्गाचे कारण नसताना पेटून उठते, इंटरल्युकिन-१ आणि इंटरल्युकिन-६ ही दाहक रसायने भरमसाट तयार होतात आणि ताप, पुरळ व सांधेसूज ही तिन्ही लक्षणे त्याच दाहातून येतात. म्हणून मलम लावून हे पुरळ जाणार नाही. आतला दाह शमला की ते आपोआप उठेनासे होते.

सासूबाईंचा समज अगदीच अनाठायी नाही, कारण पित्ताच्या गांधीही काही तासांत विरतात. मात्र गांधी फुगीर असतात आणि त्यांना असह्य खाज सुटते. या आजारातले ठिपके बहुधा सपाट किंवा किंचित उंच, काही मिलिमीटरांचे आणि फिक्या गुलाबी रंगाचे असतात, त्यांना खाज सहसा नसते आणि मागे डागही उरत नाही. नखाने अंग खाजवले तर त्या रेघेवर किंवा चड्डीचे इलॅस्टिक जिथे रुतते तिथे ते ओळीने उमटतात. गरम पाण्याच्या आंघोळीनंतरही ते अधिक ठळक होतात. सावळ्या अंगावर हा गुलाबी रंग सहज दिसत नाही, त्यामुळे पोट, काख आणि दंडाची आतली बाजू मुद्दाम पाहावी. गोवराचे पुरळ मात्र कानामागून व चेहऱ्यावरून खाली उतरत जाते, काही दिवस टिकते आणि त्यासोबत खोकला, नाक वाहणे व लाल डोळे असतात.

माझ्याकडे येणारे पालक सकाळी तपासणीच्या वेळी मुलाचा सदरा वर करतात आणि अंगावर काहीच नसल्याचे पाहून स्वतःच ओशाळतात. यापुढे पुरळ दिसेल तेव्हा मोबाइलवर छायाचित्र काढावे आणि तापाच्या वहीत त्या वेळेचा ताप लिहावा. पुढच्या भेटीत या दोन गोष्टी डॉक्टरांना पुष्कळ काही सांगतील.

आंबट बंद केल्याने या आजारात फरक पडत नाही. वाढत्या वयात ताक आणि लिंबू उगाच का तोडावे? स्टेरॉइडमुळे भूक वाढते, म्हणून तळलेले, गोड आणि खारट तेवढे बेताने द्यावे. पुरळ गेले म्हणून स्टेरॉइड आपल्या मनाने एकदम थांबवू नये, कारण औषध चालू असताना शरीराची स्वतःची स्टेरॉइडनिर्मिती मंदावलेली असते आणि अचानक बंद केल्यास मूल गंभीर आजारी पडू शकते. मात्रा हळूहळू उतरवण्यासाठी डॉक्टर पुढे मेथोट्रेक्सेट हे दाह आवरणारे औषध किंवा इंटरल्युकिन-६ ला अडवणारे टोसिलिझुमॅबचे इंजेक्शन सुचवू शकतात. अशी औषधे चालू असताना जिवंत विषाणूंच्या लसी, उदाहरणार्थ गोवराची किंवा कांजिण्यांची, तज्ज्ञांना विचारल्याशिवाय देऊ नयेत.

एका गोष्टीबाबत मात्र दिरंगाई नको. रोज चढून उतरणारा ताप उतरेनासा झाला, मूल सुस्त पडले, नाकातून किंवा हिरड्यांतून रक्त आले, अथवा दाबल्यावरही फिकट न होणारे लाल-जांभळे ठिपके दिसले, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, मोठ्या रुग्णालयात जावे. दाह हाताबाहेर गेल्यावर होणारी ही गुंतागुंत जीवघेणी ठरू शकते. त्या वेळी रक्तातील प्लेटलेट्स (रक्त गोठवणाऱ्या पेशी) घटतात, फेरिटिन हे लोह साठवणारे प्रथिन हजारोंच्या घरात जाते आणि ईएसआर हा एरवी दाहासोबत वाढणारा रक्ततपासणीतला आकडा उलट खाली येतो. तो आकडा पाहून घरच्यांना आजार बरा होत असल्याचा भास होतो.

राहिला शाळेचा प्रश्न. हे पुरळ कोणालाही लागत नाही. ताप नसेल आणि सांधे चालू देत असतील, तर मुलाला जरूर पाठवावे. तज्ज्ञांकडून तशी दोन ओळींची चिठ्ठी घेऊन बाईंना द्यावी आणि त्याचे मनगट दुखत असेल त्या दिवशी लिखाण कमी घ्यावे, हेही त्याच चिठ्ठीत लिहून घ्यावे.