वाचकांचे प्रश्न : बोटीच्या इंजिनाला कोणते सिलिंडर हेड?

प्रश्न : मी अमेरिकेत मिसुरी राज्यात राहतो. लेक ऑफ द ओझार्क्सवर माझी १९८९ सालची चोवीस फुटी बोट आहे. तिचे इंजिन शेवरोलेचे मार्क-४ पिढीचे ४५४ घनइंची असून मागे पाण्यातल्या पंख्याला शक्ती पोचवणारी मर्क्रूझरची ब्राव्हो-वन ड्राइव्ह आहे. मूळची शक्ती ३३० अश्वशक्ती. या हिवाळ्यात इंजिन उघडले, सिलिंडर ०.०३० इंच वाढवून घेतले आणि १२ सीसी उंचवट्याचे पिस्टन आणले. ४२५ अश्वशक्ती मिळावी, अशी इच्छा आहे. मूळचे बिडाचे हेड (सिलिंडरांवरची झाकणे) मोठ्या अंडाकृती पोर्टांचे, म्हणजे हवेच्या वाटांचे, असून त्यांचा ज्वलनकक्ष ११९ सीसी भरला. एक मित्र चौकोनी पोर्टांचे, ११० सीसी कक्षाचे बिडाचे हेड स्वस्तात देतो आहे आणि ‘पोर्ट जितका मोठा तितकी शक्ती जास्त’ असे सांगतो. मी कोणते घ्यावेत?

उत्तर : आपण ज्वलनकक्ष स्वतः मोजून घेतलात, याबद्दल प्रथम आपले अभिनंदन करतो, कारण बहुतेक लोक हेडवर ओतलेला क्रमांक वाचून समाधान मानतात आणि हिशेब चुकवतात. माझे मत थोडक्यात असे की आपण मित्राचे हेड घेऊ नयेत. जे हेड आपल्याजवळ आहेत तेच नीट दुरुस्त करून वापरावेत.

चौकोनी पोर्टांची कीर्ती मोटारींमुळे झाली. १९७० साली शेव्हेल मोटारीत आलेले ४५० अश्वशक्तीचे एलएस-६ इंजिन याच जातीच्या हेडचे होते. मात्र मोटारीत गिअर असतात, त्यामुळे चालक इंजिनाला त्याच्या आवडत्या फेऱ्यांमध्ये ठेवू शकतो. आपल्या बोटीत पुढे जाण्याचा गिअर एकच, आणि इंजिन किती फिरेल हे शेवटी पंखा ठरवतो. आपल्या जोडणीत पूर्ण थ्रॉटलला इंजिन मिनिटाला फार तर ५,००० फेऱ्यांपर्यंत जावे, आणि बोट नाक खाली करून पाण्यावर उचलली जाते तो अवघड काळ तर २,५०० ते ३,५०० फेऱ्यांच्या दरम्यानच येतो. सुमारे ३१५ सीसी पोकळीच्या चौकोनी पोर्टातून इतक्या कमी फेऱ्यांना हवा संथ वाहते, पेट्रोलचे कण हवेत नीट मिसळून राहत नाहीत आणि सिलिंडर अपुरा भरतो. ते पोर्ट ६,००० फेऱ्यांच्या पुढे आपले काम दाखवतात, आणि तिथे आपला पंखा आपल्याला कधीच पोचू देणार नाही.

आता ४२५ अश्वशक्तीला हवा किती लागते ते पाहू. इंजिन बांधणारे एक ढोबळ सूत्र वापरतात : प्रवाहमापक यंत्रावर २८ इंच पाण्याच्या दाबाला इनटेक पोर्टातून मिनिटाला जितके घनफूट हवा वाहते, त्याला ०.२५७ ने आणि सिलिंडरांच्या संख्येने गुणले की शक्तीची कमाल मर्यादा मिळते. या हिशेबाने आठ सिलिंडरांच्या इंजिनाला ४२५ अश्वशक्तीसाठी सुमारे २०७ घनफूट पुरतात. हे सूत्र आदर्श जुळणीचे आहे, आणि बोटीच्या पाणी मिसळणाऱ्या एक्झॉस्टमुळे काही शक्ती वाया जाते, म्हणून वर चांगली शिल्लक हवी. तरीही मोठे अंडाकृती पोर्ट, व्हॉल्व्हच्या खालचा घसा हाताने साफ करून आणि बैठक तीन कोनांत कापून घेतल्यास, ही गरज निश्चितपणे भागवतात. मात्र मालवाहू गाड्यांवर येणारे अगदी लहान अंडाकृती पोर्ट, ज्यांना तिकडे शेंगदाणा-पोर्ट म्हणतात, त्यांना हे लागू नाही. आपले हेड त्यांतले नाहीत, हे आपले सुदैव.

कंप्रेशनचा, म्हणजे सिलिंडरमधले मिश्रण किती पट दाबले जाते याचा, हिशेब मी स्वतंत्रपणे मांडतो, कारण बोटीचे इंजिन बहुधा याच एका चुकीने फुटते. आपला सिलिंडर आता ४.२८० इंचांचा, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ४ इंचांचा, म्हणजे एका सिलिंडरचे आकारमान ९४३ सीसी. पिस्टन ब्लॉकच्या माथ्याखाली ०.०२० इंच राहतो असे धरले तर तिथे ४.७ सीसी, हेडखालच्या ०.०३९ इंची गॅस्केटमध्ये सुमारे ९.६ सीसी, आणि पिस्टनच्या उंचवट्याचे १२ सीसी वजा. आपल्या ११९ सीसी कक्षाबरोबर एकूण १२१.३ सीसी उरतात आणि कंप्रेशन ८.८ ला १ येते. मित्राच्या ११० सीसी कक्षाबरोबर तेच ९.४ होते. आकड्यांत फरक किरकोळ वाटतो. मात्र मोटार महामार्गावर समगतीने धावते तेव्हा इंजिन आपल्या ताकदीचा लहानसा वाटाच देत असते, तर बोट सतत चढ चढत असते. पंख्याची मागणी फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ५,००० ऐवजी ४,००० फेऱ्यांवर चालवले तरी पूर्ण शक्तीच्या निम्मी शक्ती तासन्‌तास द्यावी लागते. धक्क्यावरच्या ८९ ऑक्टेनच्या पेट्रोलवर बिडाच्या हेडखाली ९.४ कंप्रेशन अशा ओझ्याला ठोके देऊ लागले (मिश्रण अवेळी भडकू लागले), तर इंजिनघराच्या झाकणाखाली ते ऐकूही येणार नाहीत आणि पिस्टनची कड वितळल्यावरच कळेल.

माझी सूचना अशी की ब्लॉकचा माथा ०.०२० इंच घासून पिस्टन माथ्याशी सपाट आणावा. मग पिस्टन आणि हेडचा सपाट भाग यांच्यातली फट साधारण एक मिलिमीटर राहते. या अरुंद फटीतून मिश्रण दाबले जाऊन कक्षात घुसळते, ज्वलन लवकर पुरे होते आणि ठोक्याचा धोका कमी होतो. कंप्रेशन तेव्हा ९.१ होईल आणि तेवढे पुरे. उंचवट्याचा पिस्टन कक्षाच्या भिंतीला लागत नाही ना, हे मात्र मातीचा गोळा ठेवून, इंजिन हाताने दोनदा फिरवून तपासल्याशिवाय हेड कायमचे कसू नयेत.

पैसे खर्च करायचे तर ते एक्झॉस्ट व्हॉल्व्हवर करावेत. सतत ओझ्याखाली चालणाऱ्या इंजिनात तेच सर्वांत आधी जळतात. एक्झॉस्टला इन्कोनेलचे (उष्णता सोसणाऱ्या निकेलच्या मिश्रधातूचे) व्हॉल्व्ह, इनटेकला चांगल्या पोलादाचे, एक्झॉस्टच्या बैठका कठीण केलेल्या, आणि व्हॉल्व्हची दांडी सरकते त्या गाइडमध्ये मोटारीपेक्षा किंचित सैल वाव, कारण तापलेली दांडी फुगून अडकण्याची भीती असते. इनटेक व्हॉल्व्ह २.०६ ऐवजी २.१९ इंचांचे बसवून घेता येतात, आणि घसा साफ करतानाच ते करून घेतल्यास मजुरी वाचते. कॅमशाफ्ट निवडताना दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे राहण्याचा काळ आवरा. इनटेक आणि एक्झॉस्टच्या लोबांमधला (कॅमवरच्या उंचवट्यांमधला) कोन ११२ ते ११४ अंश असेल असा कॅम मागा. एरवी मंद चालीवर एक्झॉस्टमधले पाणी उलटे ओढले जाऊन सिलिंडरमध्ये येते, आणि तिथे गंज धरला की हेडवर केलेला सारा खर्च फुकट जातो. हेड मशीनशॉपला देतानाच चुंबकीय तपासणीने चिरा शोधायला सांगा, आणि पाण्याच्या वाटा दाबाखाली तपासून घ्या. पस्तीस वर्षे तळ्याच्या पाण्यावर थंड झालेल्या बिडाची भिंत आतून किती उरली आहे, ते बाहेरून दिसत नाही.

अपेक्षेबद्दलही सांगून ठेवतो. पाण्यावर उचललेल्या बोटीचा वेग साधारणपणे शक्तीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. आज बोट ताशी ५२ मैल जात असेल, तर ४२५ अश्वशक्तीला ५९ च्या आसपास जाईल, आणि त्यासाठी जास्त पिचचा (एका फेरीत जास्त अंतर कापणारा) पंखाही लागेल.

प्रश्न : मी न्यू जर्सीत बार्नेगाट उपसागरात बोट चालवते. माझेही इंजिन ४५४ आहे, पण जनरेशन-५ चे. अॅल्युमिनियमचे हेड घ्यावेत का? थंड करण्यासाठी सध्या बाहेरचे पाणी थेट येते.

उत्तर : थेट खारे पाणी येत असेल तोवर घेऊ नयेत. बीड आणि अॅल्युमिनियम एकत्र आले आणि मध्ये खारे पाणी असले की अॅल्युमिनियम खाल्ले जाते, आणि त्याची सुरुवात गॅस्केटच्या कडेने पाण्याच्या वाटांपासून होते. आधी हीट एक्स्चेंजर बसवून ब्लॉक आणि हेडमध्ये अँटिफ्रीझ फिरेल अशी बंद व्यवस्था करा. जमल्यास एक्झॉस्ट मॅनिफोल्डही त्याच फेऱ्यात घ्या. त्यानंतर अॅल्युमिनियमचा लाभ खराखुरा आहे. उष्णता लवकर निघून जाते, त्याच पेट्रोलवर कंप्रेशनचा आकडा साधारण अर्ध्याने जास्त चालतो, आणि वजन बिडाच्या जवळजवळ निम्मे होते.

आपल्या बाबतीत आणखी एक खबरदारी अत्यावश्यक आहे. जनरेशन-५ च्या ब्लॉकच्या माथ्यावरच्या पाण्याच्या वाटा मार्क-४ पेक्षा वेगळ्या आहेत, आणि बाजारात मिळणारे पुष्कळ हेड मूळ मार्क-४ साठी घडवलेले असतात. ते आपल्या ब्लॉकवर बोल्टने बसतात, पण गॅस्केट चुकीचे असले तर पाणी लिफ्टरच्या दरीत (ब्लॉकच्या मधल्या खोलगट भागात) झिरपते आणि तेलात मिसळते. विक्रेत्याकडून ब्लॉकच्या पिढीसाठी योग्य गॅस्केटचा क्रमांक लेखी घ्या, गॅस्केट कोरड्या ब्लॉकवर आणि मग हेडवर ठेवून प्रत्येक भोक झाकले जाते की नाही ते डोळ्यांनी पाहा. आपल्या मूळ हेडवरचे रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारे दांडे) सैल-घट्ट करता येत नाहीत, नव्या हेडवर बहुधा करता येणारे असतील, म्हणून रॉकर, स्टड आणि योग्य लांबीचे पुशरॉड यांचाही खर्च अंदाजपत्रकात आधीच धरा.